न येणाऱ्यांची चौकशी

अंधेरी, १२ जुलै १९८७

सौ. सुगंधास, मी बरा आहे, जेवण जातं.

कारखान्यातला बॉयलर फुटल्यापासून आवाज झाला की दचकतो, म्हणून मनाच्या डॉक्टरांकडे जातो. उपचार चांगला आहे म्हणे, पण माणसं येत नाहीत. ती का येत नाहीत यावर डॉक्टरसाहेबांचं संशोधन चाललंय. वेळ ठेवलीय सोमवारी अकराची, ऐन कामाच्या पाळीत. आणि न येणाऱ्यांचं कारण विचारतात आम्हा येणाऱ्यांना. एवढं शिकून हीच अक्कल. स्फोटात माझ्या शेजारी उभा असलेला दत्ताराम दार लावून घरी बसलाय. त्याच्याकडे एकजणही फिरकला नाही.

आईचा गुडघा कसा आहे? गणपतीला येतोय. मी असेन तोवर कुकर लावू नको, भात टोपात शिजव. शिटीला मी काय करतो ते पोरांनी बघायला नको.

गुणाजी