सभ्य शब्दांची यादी

ता. ३ मार्च

चि. भिंगरीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

कालच्या वर्तमानपत्रात पान पाचवर माझीच वाक्यं छापून आली आहेत, म्हणून हे पत्र. एरवी तुझं उत्तर आल्याशिवाय मी दुसरं पत्र लिहीत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुमच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर 'प्रौढांसाठी सेवा' म्हणून जे सदर आहे, त्याच्या चौकशीला इथे समिती बसली आहे. परवा हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या एका पोलीस बाईंची साक्ष झाली. त्यांनी सात जाहिराती वाचून दाखवल्या आणि सांगितलं, की दोन वर्षांपूर्वीपर्यंत असल्या जाहिराती दहा जणांनी दहा तऱ्हांनी लिहिलेल्या असत. कुणी घाईत, कुणी अडाणी, कुणी अगदी निर्लज्ज. त्या भाषेवरूनच माग काढता यायचा. मग एका महिन्यात सगळं बदललं आणि सगळ्या जाहिराती एकाच बाईने लिहिल्यासारख्या दिसायला लागल्या. बाई चांगली शिकलेली असावी, असंही त्या म्हणाल्या. त्यावर हशा पिकला, असं बातमीत आहे.

ती बाई मी आहे. 'स्नेहपूर्ण सहवास', 'सुसंस्कृत वातावरण', 'अल्प मुक्काम' हे सगळं मी तुला लिहून पाठवलेलं. तू तेव्हा कळवलं होतंस, की कुणा खासदार बाईंनी भर सभागृहात तुमच्या जाहिराती वाचून दाखवल्या, जिकडेतिकडे छी-थू झाली आणि साहेबांनी आठ दिवसांत भाषा स्वच्छ करायला सांगितलं आहे. मावशी, तुझ्याशिवाय कोण, असं लिहिलं होतंस. एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या कचेरीत छोट्या जाहिराती तपासण्यात गेलेल्या बाईला एवढं पुरतं. दोन दुपारी बसून अठ्ठावन्न शब्दांची यादी केली. डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे माझा. खाली सही केली, कारण सही न करता कागद हातावेगळा करायची मला सवय नाही.

ती यादी मला परतीच्या टपालाने पाठव. झेरॉक्स काढली असेल तर तीही. इथे मी महिला मंडळाची अध्यक्ष आहे आणि तुमचं सदर बंद करा म्हणून जो अर्ज गेला आहे, त्यावर पहिली सही माझी आहे. हे दोन कागद एका टेबलावर आले तर मला गल्लीतून मान वर करून चालता येणार नाही. फोन करू नकोस. हे फोनवर बोलायचं नाही.

तुझ्या आईला जिना चढू नकोस म्हणावं. ती माझं ऐकायची नाही, पण मी सांगितलं एवढं तिच्या कानावर असू दे.

माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे.

मावशी


ता. ६ मार्च

ती. मावशीस भिंगरीचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातल्या माझ्या चुका तू लाल शाईने दाखवून परत पाठवल्या नाहीस, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. आईचा गुडघा तसाच आहे. तुझा निरोप दिला. थोरलीने मला शिकवू नये, म्हणाली आणि तेवढ्यासाठी मुद्दाम गच्चीवर जाऊन आली.

यादी सोबत आहे, चारही पानं. झेरॉक्स नाही. शब्द मी स्वतः संगणकात भरले आणि कागद माझ्या कपाटात ठेवला. तुझं अक्षर इथे कुणीही पाहिलेलं नाही.

तुला वाटत असेल मी यादी लोकांपुढे ठेवली आणि शब्द निवडा म्हटलं. तसं नाही गं. जाहिरात आली की संगणक आपणहून डावीकडचा शब्द काढून उजवीकडचा घालतो. साहेब माझ्यावर खूश झाले. नाकारलेली जाहिरात म्हणजे गेलेलं गिऱ्हाईक, असं त्यांचं म्हणणं. तुझंही असंच काहीसं होतं ना? कचेरीत खिडकीवर आलेला माणूस परत पाठवू नये, त्याचा कागद सुधारून घ्यावा. मी शाळेत असताना तुझ्या टेबलाखाली बसून हेच ऐकत होते. पुढे त्याच खासदार बाईंनी आमच्या स्वच्छ भाषेचं कौतुक केलं. तू ते कात्रण मला पाठवलंस, वर 'शाब्बास' लिहून. अजून माझ्या आरशाला चिकटवलेलं आहे. होतं. आज काढलं.

आता निवडणूक आली आहे, म्हणून समिती आहे. सोमवारी आम्ही सदर बंद केलं. मंगळवारी त्याच जाहिराती 'नृत्यशिक्षण' आणि 'भाड्याने खोली' या सदरांत आल्या. एका बाईचा फोन आला. ती स्वतःची जाहिरात स्वतःच द्यायची. म्हणाली, दार उघडण्याआधी निदान फोनवर माणसाचा आवाज तरी ऐकता यायचा, आता मी कुठे उभी राहू. मी तिला सांगितलं की आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. हे वाक्य तुझ्या यादीत शोभलं असतं.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. सांगू नये, असं रोज ठरवते. लहानपणी तू मला शिकवलंस, की खोडायचं तर एका रेघेने, खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. म्हणून शब्द बदलायची सोय केली तेव्हा मूळ मजकूर बाजूला जपून राहील असंही करून ठेवलं. कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात साहेबांना कळलं. तेरा तारखेला ते सगळं कायमचं पुसायचं ठरलं आहे. वकील म्हणतात, समितीने प्रसिद्ध झालेल्या जाहिराती मागितल्या आहेत; मूळ मजकूर प्रसिद्ध झालेलाच नाही, तेव्हा तो द्यायचं कारण नाही.

मी तो बाहेर काढू शकते. पण तो समितीपुढे गेला की पहिला प्रश्न येणार, हे बदललेले शब्द कुणी दिले? खोटं बोलायला तू मला शिकवलं नाहीस, आणि खरं सांगितलं तर तुझं नाव येतं. म्हणून मी काही करणार नाही. तू यादी जाळून टाक. मी गप्प राहते. तेरा तारीख येईल आणि जाईल.

रागावलीस तरी पत्र लिहीत राहा, एवढंच मागते.

भिंगरी


ता. ९ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

यादी मिळाली. जाळलेली नाही. काल काडेपेटी हाताशी घेऊन बसले होते, हे लपवत नाही. मग उठले आणि आज सकाळी समितीच्या बैठकीला गेले. महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून मला प्रवेशाचा पास मिळतो.

शेजारच्या खुर्चीवर एक शिवणकाम करणारी बाई होती. बाहीला दोरे चिकटलेले, बोटांना सुईच्या टोचण्या. चष्मा घरी विसरली होती. माझा चेहरा मास्तरणीसारखा दिसला असावा, कारण तिने हातातला कागद माझ्यापुढे धरला आणि पोलीस बाई बोलतात ते यातलंच का, जरा वाचून दाखवा, म्हणाली. तुमच्या संकेतस्थळावरची एक जाहिरात होती. वर तिच्या मुलीचा फोटो. खालचा जाहिरात क्रमांक या पत्राच्या पाठीमागे उतरवून दिला आहे. मुलगी एकोणीस वर्षांची, दुकानात कामाला म्हणून आठ महिन्यांपूर्वी घरातून गेली.

मी वाचून दाखवलं. 'सुसंस्कृत वातावरणात स्नेहपूर्ण सहवास. अल्प मुक्काम.' सवयीने अगदी स्पष्ट उच्चारात वाचलं.

ती म्हणाली, शेजारणीने हा कागद आणून दिला तेव्हाही असंच कुणाकडून वाचून घेतलं होतं. ऐकून तिला हायसं वाटलं होतं. एवढी चांगली भाषा आहे म्हणजे घर चांगलं असणार, पोरगी कुणा म्हाताऱ्या बाईच्या सोबतीला राहिली असणार, असं तिने धरलं. फोटो छापतात म्हणजे मान देत असतील, असंही मनात आलं, म्हणाली. म्हणून सहा आठवडे ती पोलिसांकडे गेलीच नाही. गेली तोवर मुलीला दुसरीकडे हलवलेलं होतं. पोलीस बाईंनी तिला सांगितलं, की अशा जाहिरातींत पूर्वी 'दोनच दिवस, मग अमुक गावी' असं उघड असायचं. तेवढ्यावर त्या पुढच्या गावी आधीच जाऊन थांबत. तो मजकूर मला बाजारू वाटला होता. यादीत तो सतरावा आहे. उजवीकडे 'अल्प मुक्काम'.

बाई म्हणाली, लिहिणारी माणसं मला चांगली वाटली हो. मग विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, निवृत्त आहे. बस्स, एवढंच म्हटलं. मला घाम फुटलेला पाहून तिने स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली आणि मी तिच्या बाटलीतलं पाणी प्यायले.

कचेरीत होते तेव्हाही मी हेच करत होते. मालिशच्या जाहिराती येत. शब्द नीट करून दिला की माझं काम झालं, असं समजत होते. एकाही माणसाला विचारलं नाही की खोलीत कोण आहे आणि तिला दार आतून लावता येतं का. व्याकरण तपासलं. एकतीस वर्षं.

आता नीट वाच. तेरा तारखेच्या आत मूळ मजकूर काढ, शेजारी बदललेला मजकूरही. स्वतःची जाहिरात स्वतः देणाऱ्या बायकांना यात ओढायचं नाही. त्यांचे नंबर कुणाच्या हाती द्यायचा आपल्याला अधिकार नाही. एकाच नंबरवरून वेगवेगळ्या मुली, वेगवेगळ्या गावांत, अशा असतील तेवढ्याच घे. नोंदणी टपालाने माझ्याकडे पाठव. मी माझ्या हाताने देईन आणि यादीही देईन. पहिल्या पत्रात मी तुला जे करायला सांगितलं, ते मावशीने सांगू नये असं होतं. ते पत्रही जपून ठेव, फाडू नकोस.

तुझी नोकरी जाईल. माझी पुढची खोली रिकामी आहे. आईला तू स्वतः सांग.

मायेत अंतर पडलं असेल तर ते मी भरून काढीन, तेवढी सवड दे.

मावशी


ता. ११ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे, चुका काढू नकोस. सोबत पेनड्राइव्ह आणि माझं सही केलेलं निवेदन आहे. अकरा नंबर निघाले, त्यांच्या दोनशे बारा जाहिराती. मूळ डावीकडे, सुधारलेली उजवीकडे, तुझ्या यादीसारखीच. तुला खोली कुणाची आणि दार कसं हे विचारायचं होतं ना, डावीकडे बरंच काही आहे. वाचताना दोनदा उठून बाहेर गेले.

शिवणकामवाल्या बाईंच्या मुलीचा फोटो त्यांत नऊ वेळा आहे. शेवटची जाहिरात बावीस फेब्रुवारीची, आणि डावीकडे पुढच्या गावाचं नाव आणि बसथांब्याजवळची एक खोली लिहिली आहे. म्हणजे अडीच आठवड्यांपूर्वीपर्यंत ती त्यांच्याबरोबर होती. हे पोलीस बाईंना सगळ्यात आधी दाखव. समितीचे लोक पानं उलटत बसतील, त्याआधी.

साहेबांना मी स्वतःच सांगितलं. आधी हसले, त्यांना थट्टा वाटली. मग म्हणाले, तुझ्यामुळे चाळीस माणसं घरी बसतील. मग रखवालदाराला बोलावलं. रखवालदार मला जिन्यापर्यंत सोडायला आला आणि खाली आल्यावर हळूच म्हणाला, जपून जा ताई. तेवढ्यानेच रडू आलं.

आईला सांगितलं. म्हणाली, तुझ्या मावशीने आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल केली, तारीख लिहून ठेव.

शेवटच्या पानावर तुझी सही आहे, ती तळाला आहे. कात्री तुझ्या हातात आहे. कापलीस तर मी कधी विचारणार नाही.

माझी खोली झाडून ठेव, म्हणजे लोभ आहे असं समजेन.

भिंगरी


ता. १५ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

खोली झाडली आहे. खिडकीची कडी मोडली आहे, ती तू आल्यावर बघू.

मंडळाचा राजीनामा दिला, कारणासकट वाचून दाखवला. खजिनदार बाईंनी घरगुती अडचण असं लिहून टाकू या, म्हणून सुचवलं. मी नको म्हटलं. त्यानंतर कुणाला माझ्याकडे बघवेना. उठताना खुर्च्यांचे आवाज मात्र फार झाले.

पोलीस बाईंना बावीस तारखेची जाहिरात आधी दाखवली. त्या उभ्या उभ्याच वाचून बाहेर गेल्या आणि फोनवर त्या गावाचं नाव सांगताना मी ऐकलं. पुढचं अजून कळलेलं नाही.

शिवणकामवाल्या बाईंना मी समितीला कागद देण्याआधीच सांगितलं. ते शब्द माझे आहेत म्हटलं. आमच्यामधल्या खुर्चीवरची पाण्याची बाटली तिने उचलली आणि पुढच्या रांगेत जाऊन बसली. मी तिच्या जागी असते तर एवढ्यावर सोडलं नसतं.

समितीचा लिपिक भला माणूस आहे. माझं वय बघून त्याने यादीपुढे 'करणाराचे नाव: अज्ञात' असं लिहिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली, जणू आपण दोघं समजून घेऊ. मी त्याला ते एका रेघेने खोडायला लावलं. पावतीची नक्कल खाली देते, तुझ्यापाशी असू दे.

मला तुझी म्हणत राहा.

मावशी


समितीच्या कार्यालयात आज दुपारी सव्वाबारा वाजता जमा केलेले:

१. पेनड्राइव्ह एक. दोनशे बारा जाहिराती, मूळ आणि बदललेला मजकूर. त्यातील मुलींची नावे व छायाचित्रे प्रसिद्ध करू नयेत, ही देणाराची अट मान्य.

२. संकेतस्थळाच्या माजी कर्मचारी यांचे सही केलेले निवेदन, पाने तीन.

३. सदर कर्मचारी यांनी शब्द मागवल्याचे दोन वर्षांपूर्वीचे पत्र, पान एक.

४. हस्तलिखित यादी, शब्द अठ्ठावन्न, पाने चार. पाने पूर्ण, कोठेही कापलेली नाहीत. करणाराचे नाव: <s>अज्ञात</s> स्वतः हजर. यादीवरील सही व या पावतीवरील सही ताडून पाहिली. एकच आहे.