आमच्या रेडिओचा इतिहास आणि दोन नमस्कार

सोम., ३ फेब्रु.
सरांनी बोलावलं. वीस तारखेला केंद्राचा वर्धापनदिन. अर्ध्या तासाचा 'आपल्या रेडिओचा इतिहास' करायचा, आणि तो मी करायचा. सर आमचे अध्यक्ष. कॉलेजातून निवृत्त झाले, वर्गातून अजून व्हायचेत. निघताना दारात थांबवून म्हणाले, "भाऊंचं नाव घ्यायचं नाही."
ज्यांच्या प्लॉटवर केंद्र आणि टॉवर उभा, ज्यांनी सरांबरोबर परवान्यासाठी दिल्लीच्या चकरा मारल्या, त्यांनाच वगळून इतिहास. बरं.

मंगळ., ४
जुनी रेकॉर्डिंगं शोधली. सुरुवातीचं काहीच नाही. रफिकभाई (आमचे इंजिनिअर, वायरमन, सगळंच) म्हणाले, तेव्हाचा कॉम्प्युटर जळाला होता. मग हे आज का सांगता? "आज तुम्ही विचारलं, ताई."
म्हणजे इतिहास आता लोकांच्या तोंडून.

गुरु., ६
सरांचं रेकॉ. मिरच्या वाळत घातलेल्या पथारींकडून वारा होता, त्यामुळे दर दोन वाक्यांना खोकला. परवाना मी आणला, मशीन मी आणलं, पहिला 'नमस्कार, श्रोतेहो' मी म्हणालो. टॉवरला जागा कुणी दिली, असं मुद्दाम विचारलं. म्हणाले, "जागा मिळाली." मराठीचे प्राध्यापक. वाक्यातून कर्ताच उडवला.

शनि., ८
भाऊंचा फोन. त्यांना कळलं. (रफिकभाई, दुसरं कोण.) इतिहासात माझं नाव नसेल तर होळीनंतर टॉवर माझ्या प्लॉटवरून उचला, असं सरांना सांग म्हणाले. तुम्हीच सांगा की. तर नाही. दोघं कित्येक वर्षं बोलत नाहीत, आणि निरोप्या मी.
सांगितलं. सर म्हणाले, "सांगा त्यांना, खुशाल काढा."
खुशाल! मग आम्ही काय गच्चीवरून ओरडायचं? केळीचे भाव, दवाखान्याच्या सूचना, डोंगरातून कापूस वेचायला उतरलेल्यांसाठी पावरी बोलीतला कार्यक्रम, हे सगळं कुठून द्यायचं? दोघांपैकी एकालाही हा प्रश्न पडलेला नाही.

सोम., १०
सरांना न सांगता भाऊंच्या गावी गेले. एस.टी.त उभी, तापीपर्यंत. भाऊ म्हणाले, रेडिओ मी ऐकतच नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीला बांधलेली एरियलची तार मला खालूनच दिसत होती.
मग रेकॉ. तीच गोष्ट, फक्त 'मी' बदलला. पहिला नमस्कारही यांचाच.
भांडण कशावरून, तेही आज पहिल्यांदा नीट कळलं. भाऊंच्या पत्नी, हिराकाकू, सुरुवातीला सकाळी अहिराणीत 'चुल्हापुढे' करायच्या. बिबडे, पापड, लग्नातली गाणी. रेडिओवर शुद्ध भाषा हवी म्हणून सरांनी ते बंद केलं, तेही शिपायाच्या हाती निरोप देऊन. भाऊ त्याच दिवशी उठून गेले. "माझ्या बायकोचा अपमान केला त्यानं," म्हणाले. मला वाईट वाटलं. सर हल्ली व्यासपीठावरून बोलीभाषेच्या वारशावर भाषण देतात, तेही आठवलं.
भाऊ मोटार बघायला मळ्यात गेले. काकू दारातून सगळं ऐकत होत्या. जवळ येऊन बसल्या.
"मन्हा कसाना अपमान? पहाटमा उठी उठी माले कटाळा ई गयथा. सरनी बंद करं, माले बरंच वाटनं."
मी चहाचा कप खाली ठेवला. हे भाऊंना सांगितलं नाही का?
"सांगं व्हतं ना. पन आयकस कोन?"
वर म्हणाल्या, इतिहासात माझं नाव घेऊ नकोस. मला कुणी विचारलं नव्हतं तेव्हाही, आता तरी माझं ऐक.
परतीला जागा मिळाली, पण डोकं भणभणत होतं.

मंगळ., ११
रफिकभाईंना सांगितलं. हसता हसता ठसका लागला त्यांना. मग गंभीर झाले. म्हणाले, ताई, दोघांनाही सांगू नका. एवढी वर्षं ज्यावर रुसले ते झालंच नव्हतं, हे या वयात कुठे ठेवतील?
पटलं. आणि चीडही आली. म्हणजे आता हेही मीच सांभाळायचं.

शुक्र., १४
जोडलं. आधी सरांचा नमस्कार, मागोमाग भाऊंचा. कोण खरं ते श्रोत्यांनी ठरवावं. काकूंचं नाव नाही, शब्द दिलाय.

सोम., १७
सरांना ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं. शेवटी म्हणाले, "आवाज बसलाय का त्यांचा? असा नव्हता."
मी म्हटलं, वय झालं, सर.
सर म्हणाले, त्यांचा भाग काढा.
मी नाही काढणार म्हणाले. कशी म्हणाले कुणास ठाऊक. सर उठून गेले. फाईल पुसा असं मात्र म्हणाले नाहीत.

बुध., १९
दोघांचे फोन. दोघांचा एकच प्रश्न, उद्या तो येणार आहे का. मी दोघांना सांगितलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. कार्यक्रम लावू की नको हे सरांनी आजही सांगितलं नाही, म्हणजे मी लावणार.

गुरु., २०
स्टुडिओत बसून लिहितेय. कार्य. सुरू आहे, अजून बराच बाकी.
सकाळी सर इस्त्रीचा सदरा घालून ऑफिसात येऊन बसले. थोड्या वेळाने भाऊंची जीप फाटकाशी. भाऊ उतरेनात. काकू उतरल्या, तडक आत आल्या, सरांपुढे उभ्या राहिल्या.
"त्या गाडीमा बशेल शेतस. उतराव नहीत. तुम्हीच जा."
सर म्हणाले, वहिनी, तेव्हा मी तुम्हाला—
"ते ऱ्हाऊ द्या. आधी जा."
सर उठले. दारापर्यंत गेले, पायरीवर थांबले. चपला शोधत होते की धीर, कळेना. तेवढ्यात वेळ झाली, मला आत यावं लागलं.
आत्ता भाऊंचा नमस्कार लागला. रफिकभाई काचेपलीकडून हातवारे करून काहीतरी सांगताहेत. एक बोट, मग दोन, मग दोन्ही हात जोडले. काही कळत नाही. कार्यक्रम सोडून उठताही येत नाही.