मक्याच्या व्हिस्कीचा निकाल

दिघा,
ता. १२ जानेवारी २०२५

तीर्थरूप आप्पांस,
धाकट्या धनाजीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. वाचून झालं की चुलीत घाला. वहिनींच्या हाती पडू देऊ नका.

आप्पा, मला वास येत नाही. २०२१ च्या तापात गेला तो परत आलाच नाही. जिभेला गोड, खारट कळतं, व्हिस्कीचा जाळ कळतो. बाकी सगळं कोरं. रबाळ्याच्या प्लांटमध्ये टेस्टिंगच्या ज्या खुर्चीत मला बसवून तुम्ही रिटायर झालात, तिच्यात चार वर्षं नाक नसलेला माणूस बसलाय. घरी बायकोला, ज्ञानेश्वरीलाही सांगितलेलं नाही. आपल्या त्याच चार व्हिस्क्या, पाठ झालेल्या. शिवाय लॅबमधली मंजुषा आधी ग्लास हुंगायची आणि मी तिच्या भुवया बघून पास-नापास लिहायचो. ती डिसेंबरात तळोज्याला दुसरी नोकरी धरून गेली.

आणि आताच आपल्या मालकांनी, हरेशशेठनं, नवीन खूळ काढलंय. अमेरिकेतून बर्बन, म्हणजे मक्याची व्हिस्की, ड्रमांतून आणायची, इथे बाटल्यांत भरायची आणि अडीच हजाराच्या आत विकायची. सॅम्पल माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले की, पावने गावची जमीन सरकारनं घेतली तवा बापानं ठेवलेला सगला पैसा यात घालायचा हाय, पन धनाजी, तू हो म्हनशील तरच.

मला रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत. शेजारच्या चांगुणाबाई गावी निघाल्यात, त्यांच्याबरोबर छोटी बाटली पाठवतोय. औषध आहे असं सांगितलंय. चाखून खरं काय ते लिहा. वहिनींना नमस्कार, आणि या भावावरची माया आटू देऊ नका.

आपला,
धनाजी

कोरेगाव, जि. सातारा
ता. २६ जानेवारी २०२५

चि. धनाजीस,
आप्पाचे अनेक उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. चूल कुठली आता, बंबात घातलं. तुझं औषधही पोचलं. चांगुणाबाईंनी तुझ्या वहिनीला विचारलं की हे दिवसातून किती वेळा घ्यायचं, तेव्हा माझी काय गत झाली असेल ते तूच समज. बाटली घरात आणणार नाही असा शब्द मी तिला दिलाय. गोठा घरात धरत नाहीत असं ठरवून मी म्हशीशेजारी बसलो.

आता ऐक. रंग चहाचा, दूध घालण्याआधीचा. नाकाशी नेली की पहिल्यांदा भाजलेलं कणीस, मागोमाग काहिलीत उकळणारा गूळ. जरा थांबलं की सुताराच्या रंध्याखालचा ताजा भुसा आणि शेंगदाण्याची साल. तोंडात गोड येते, मग जिभेच्या कडा चुरचुरतात. दोन चमचे पाणी घातलं की मऊ होते. शेवट तोकडा आहे, घोट गेला की चव टिकत नाही, लाकूड तेवढं जरा कडवट मागे राहतं. पीपात थोडीच वर्षं काढलेली दिसते. पण लबाडी नाही, वरून घातलेली साखर नाही. दुप्पट किमतीच्या बाटल्यांत मी याहून वाईट चाखलंय. सांगितलेल्या किमतीला ही चोख आहे. हरेशशेठला हो म्हणायला हरकत नाही.

पण धनाजी, हा निकाल सॅम्पलचा आहे. माल आला की प्रत्येक ड्रम वेगळा हुंगावा लागतो, आणि तेव्हा मी तिथे नसणार. त्याआधी शेठला खरं सांग. चिडेल, पण तो माणूस वाईट नाही. इतक्या वर्षांत तू त्याचं काही बुडवलेलं नाहीस. सूनबाईंना आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझा,
आप्पा

दिघा,
ता. २२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे शब्द मी शेठसमोर जसेच्या तसे बोललो. भाजलेलं कणीस, गूळ, शेंगदाण्याची साल. ते इतके खूश झाले की लेबलवर तेच छापायला दिलंय. त्यांची मुलगी उन्नती म्हणाली की काका, तुमच्यासारखं नाक आख्ख्या नवी मुंबईत नसेल. मी हसलो.

सांगायचं ठरवूनच केबिनमध्ये गेलो होतो. शेठनं पेढा पुढे केला, तो खाल्ला आणि बाहेर आलो. ऑर्डर गेली. ड्रम मेमध्ये येतील, तोवर सांगेन. रागावलात तरी पत्र बंद करू नका.

आपला,
धनाजी

कोरेगाव,
ता. ५ मार्च २०२५

चि. धनाजीस,
अनेक उ. आ.

रागावलो आहे. तुझ्या वहिनीनं काय झालं विचारलं, मी गुडघ्यावर ढकललं. माझी जीभ तू एकदा उसनी नेलीस, दुसऱ्यांदा मिळणार नाही. या चार ओळी खिशात ठेव आणि उद्याच शेठपुढे उभा राहा. उशीर होईल तसं जड जाईल.

तुझ्या काळजीत,
आप्पा

दिघा,
ता. २० जुलै २०२५

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

चार महिने लिहिलं नाही, कारण लिहायला तोंड नव्हतं.

नाही सांगितलं, आप्पा. मेमध्ये चाळीस ड्रम आले. प्रत्येक उघडला, प्रत्येकाचा ग्लास भरला, नाकाशी धरला, आणि प्रत्येकावर पास लिहिलं. पंधरा ड्रमांत झाकणाच्या चकतीखाली, वरून दिसणार नाही अशी बुरशी धरली होती, तिचा वास मालात उतरला होता. रंग तोच, जाळ तोच, मला काय कळणार? सगळं एका टाकीत ओतलं, त्यात चांगलंही गेलं. बाटल्या भरणाऱ्या मालतीबाई आल्या होत्या सांगायला, की साहेब, वास कायतरी येगलाच येतोय. मी त्यांना म्हणालो की बर्बन असंच असतं, तुम्ही तुमचं काम बघा. हे मी म्हणालो, आप्पा. झोपताना हेच आठवतं.

महिन्याभरात दुकानदारांनी माल परत पाठवला. ओल्या गोणपाटासारखी लागते म्हणे. शेठनं मला बोलावलं, पुढे ग्लास ठेवला आणि नवीन सॅम्पल आहे म्हणाले. मी हुंगून तुमचेच शब्द बोलत गेलो, कणीस, गूळ. बोलून झाल्यावर वर पाहिलं तर दारातल्या मालतीबाईंनी पदर नाकाला लावला होता. ग्लासातल्या व्हिस्कीत फिनेलचा थेंब घातला होता.

शेठ ओरडले नाहीत. किती वर्षं झाली एवढंच विचारलं. मी चार म्हणालो. तेव्हा म्हणाले की, सरकारनं बापाची जमीन घेतली तवा निदान नोटीस तरी दिली होती.

प्लांट बंद झालाय. बाटल्या भरणाऱ्या बत्तीस बायका घरी बसल्यात. मालतीबाई रस्त्यात दिसल्या तर मी पलीकडच्या बाजूला जातो. उन्नती आता काका म्हणत नाही, बघतच नाही. नोकरी कुठे मिळणार, आणि मागू कशाच्या जोरावर?

ज्ञानेश्वरीला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. वाटलं, नोकरीवरून रडेल. तिनं विचारलं की चार वर्षं रोज जेवताना मी, वा, काय वास सुटलाय, म्हणायचो, ते काय होतं. मग तिनंच सांगितलं, की एकदा आमटी तळाला लागून करपली होती, ती तिला स्वतःला गिळवेना, आणि मी दोन वाट्या घेऊन फक्कड झाली म्हणालो. आपलं मन मोडू नये म्हणून नवरा करपलेलंही खातो, असं ती बहिणींना कौतुकानं सांगत आली होती.

आता ती ताट वाढते आणि आत जाते. मीठ बरोबर आहे का म्हणूनसुद्धा विचारत नाही. मीठ मला कळतं हो, आप्पा. काल मी आपणहून म्हणालो की आज आमटी छान झाली आहे. ती आतूनच म्हणाली की उगाच कशाला बोलता.

गावी या असं लिहू नका. आलो तर वहिनी जेवायला वाढतील, आणि कसं झालंय म्हणून विचारतील.

लोभ ठेवा म्हणायचा हक्क उरलेला नाही, तरी मागतो.

आपला,
धनाजी