कामात थरथरणारा हात

बाबा,

चार पानी पत्रं तुम्हाला कधी आवडली नाहीत. दोन ओळींत सांगता येत नसेल तर माणसाला काय सांगायचंय तेच माहीत नसतं, असं तुमचं मत होतं. म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. तुमचा आजार मला झालेला नाही. काल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. कित्येक महिन्यांनी मला शांत झोप लागली, आणि आज सकाळी चहा झाल्यावर पहिलं काय केलं असेल तर हे लिहायला बसले. पुढचं लांबलचक आहे. कंटाळलात तर इथेच थांबलात तरी चालेल.

मला लाकडाचं पॉलिश शिकवावं असं तुमच्या मनात कधीच नव्हतं. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची सुट्टी होती. शनिवार पेठेतल्या आपल्या गाळ्यात तुमच्या हाताखाली काम करणारा माणूस गावी गेला तो परत आलाच नाही, आणि जेवताना आईनं सुचवलं की पोरगी दिवसभर लोळत असते, तिलाच न्या. तुम्ही म्हणालात, हे काय लोणचं घालणं आहे का? आई म्हणाली, लोणचं तुम्हाला येत नाही, तेव्हा त्याबद्दल बोलू नका. दुसऱ्या दिवशी मी गाळ्यात होते. सुरुवातीला तुम्ही मला नुसतं घासायला लावलंत. काचपेपर घेऊन लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, आडवा हात गेला की तुमचं खाकरणं ऐकू यायचं. मग चपडा लाखेचे पिवळसर पापुद्रे स्पिरिटमध्ये भिजत घालायला शिकले. दुसऱ्या दिवशी ते विरघळले की जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचे. कापसाचा बोळा, त्याच्यावर मलमलीचा तुकडा घट्ट पिळून, आणि बोळा चिकटू नये म्हणून जवसाच्या तेलाचं एक बोट. एवढंच सामान. बाकी सगळं मनगट, असं तुम्ही म्हणायचात, आणि मनगट दुकानात मिळत नाही.

त्या मनगटासाठी तुमचा नियम एकच होता. बोळा लाकडावर थांबवायचा नाही. टेकवतानाही तो चालताच असला पाहिजे आणि उचलतानाही, कारण जरा थांबला की खालची ओली लाख ओढली जाते आणि तिथे खरखरीत डाग उमटतो. "चालत ये, चालत जा, मध्ये बसायचं नाही." गोल गोल फिरवत, मग इंग्रजी आठसारखं, मग शेवटी सरळ रेषेत. ऐकायला सोपं होतं. एका शिसवी टेबलावर मी सकाळपासून थर चढवत होते, तुम्ही पलीकडे कपाटाचं दार बसवत होतात. कपाळावरची बट माझ्या डोळ्यात गेली आणि मी ती डाव्या हातानं मागे सारली. तेवढ्यात उजवा हात थांबला असणार. बोळा उचलला तर टेबलाच्या मधोमध बोळ्याएवढा डाग. तुम्ही आलात, वाकून पाहिलंत, स्पिरिटचं फडकं घेतलंत आणि तो डागच नाही, माझं सकाळपासूनचं सगळं काम पुसून टाकलंत. ओरडलात असतात तर मला चाललं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "उद्या केस बांधून ये, नाहीतर कापून ये. टेबलाला दोन्ही चालेल." मी घरी जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी आईनं माझी वेणी इतकी घट्ट घातली की भुवया वर गेल्या, आणि मी पुन्हा त्याच टेबलापाशी उभी राहिले.

हात बसायला पावसाळा संपावा लागला. त्यातही पावसाच्या दिवसांत तुम्ही पॉलिश करूच द्यायचा नाहीत, ओल्या हवेत लाख पांढरी पडते म्हणून. दसऱ्याच्या सुमारास एका सागवानी कपाटाचं दार मी एकटीनं पुरं केलं. वरच्या दिव्याची तार त्यात स्पष्ट दिसत होती. तुम्ही चष्मा वर करून पाहिलंत, खाली करून पाहिलंत आणि म्हणालात, "बरं आहे." आपल्या पेठेत यापेक्षा मोठी पदवी देत नाहीत हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी ती मिरवत घरी आले.

मी बँकेत लागले, लग्न झालं, तरी बरेच रविवार गाळ्यात यायचे. त्याच काळात तुमचा उजवा हात हलायला लागला. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासल्यासारखी फिरायची, औषधाची गोळी वळावी तशी. स्वारगेटला बसची वाट पाहत उभे असलो की तुम्ही तो हात खिशात कोंबायचात आणि मग खिसा हलायचा. डॉक्टर कंपवात म्हणाले. मला वाटलं, संपलं काम. पण तुम्ही दुसऱ्या दिवशी गाळ्यात गेलात, बोळा भिजवलात, आणि मी डोळ्यांनी पाहिलं की मांडीवर थरथरणारा तो हात लाकडावर टेकला आणि चालू लागला की अगदी शांत होत होता. बोळा खाली ठेवला की पुन्हा सुरू. गिऱ्हाइकं आधी घाबरायची, मग बघत उभी राहायची. तुम्ही त्यांना सांगायचात, याला रिकामं बसायला आवडत नाही, माझ्यावर गेलाय. पुढे अंगच ताठ होत गेलं आणि गाळा बंद करावा लागला, पण तोवरची काही वर्षं तुमच्या कामात एक लाट, एक डाग मला सापडला नाही. अभिमान वाटायचा, आणि रात्रंदिवस भीतीही वाटायची. तुमचं जेवण, तुमचं बटण लावणं, तुमचं शर्टाच्या बाहीत अडकणं पाहताना मनात एकच यायचं, हे माझ्याही नशिबात असेल का?

तुम्ही गेलात त्याला वीसेक वर्षं झाली. मी आता निवृत्तीला आले आहे. गेल्या हिवाळ्यात बँकेत सही करताना शेवटचं वळण थरथरलं. मी पेन बदललं. मग वाटीतली आमटी हलायला लागली, मग सुईत दोरा जाईना. कोणाला बोलले नाही. मुलगा खराडीला नोकरी करतो, तो आला की मी कप आधीच टेबलावर ठेवलेला असायचा. पण स्वतःपासून काय लपवणार? तुमचं सगळं जवळून पाहिलेलं होतं, म्हणून म्हटलं, आपली परीक्षा आपणच घेऊ. बाजारातून चपडा आणला, स्पिरिट आणलं, घरातलं एक सागवानी स्टूल घासून घेतलं. गॅलरीत बसले आणि आधी हात मांडीवर ठेवून पाहिला. अगदी स्थिर, एक बोटही हलत नव्हतं. मला इतका धीर आला की मी एकटीच हसले. मग बोळा उचलला.

बाबा, बोळा लाकडाला लागायच्या आतच हात थरथरू लागला. चालत आला खरा, पण लंगडत आला. गोल फिरवावा तर गोलाला कंगोरे पडत होते, सरळ ओढावा तर रेषेला हेलकावे. वाळल्यावर उजेडात धरून पाहिलं तर पाणी ओसरल्यावर वाळूवर राहतात तशा बारीक लाटा सगळीकडे. मी पुसलं, पुन्हा केलं, पुन्हा तेच. आणि मी काय अर्थ लावला असेल? तुमचा हात निदान काम करताना थांबत होता. माझा कामातच सुरू होत होता. म्हणजे तुमचा आजार मला झालाय, आणि तुमच्यापेक्षा वाईट झालाय, कामाचाही त्याच्यावर उपाय नाही. पुढचे कित्येक महिने मी हे पोटात घेऊन फिरले. मी अंथरुणाला खिळले तर मुलाला कुठवर सुट्ट्या मिळतील, कोण मला भरवेल, इथपर्यंत माझं मन जाऊन आलं.

शेवटी मुलानंच पकडलं. जेवताना त्याच्या पानात ताक ओतत होते, ते त्याच्या मोबाइलवर गेलं. त्यानं मोबाइल पुसला, माझ्याकडे पाहिलं आणि हे कधीपासून आहे ते विचारलं. मी म्हटलं, काही नाही, वय. तो म्हणाला, "आई, तू प्लीज स्वतःचं डायग्नोसिस करू नकोस. अपॉइंटमेंट घेतोय." काल अर्धा दिवस सुट्टी काढून तो मला घेऊन गेला.

डॉक्टरीण बाई माझ्या मुलाच्याच वयाच्या. त्यांनी मला चालायला लावलं, हात मांडीवर ठेवून उलटे आकडे म्हणायला लावले, हात पुढे धरायला लावले, कागदावर गोगलगाईसारखी गोल गोल रेघ काढून घेतली, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला सांगितलं. रेघ वाकडी आली, पाणी टेबलावर आलं. मनगट धरून हलवून पाहिलं, ते सैल होतं. मग मी त्यांना तुमचं सगळं सांगितलं, आणि स्टुलाचंही. बोळा हातात नसताना स्थिर, हातात घेतला की थरथर, म्हणजे आता फारच पुढे गेलंय ना, असं मीच विचारलं. बाई हसल्या. "अहो काकू, हीच तर चांगली खूण आहे." पुढे त्यांनी मला समजावलं, तुमच्या वडिलांचा हात रिकामा असताना हलायचा आणि कामात थांबायचा, तो कंपवात. तुमचं बरोबर उलटं आहे, बाकीही त्याची काही लक्षणं नाहीत. हा वेगळा थरथराट, वयाबरोबर थोडा वाढेल, लहानशी गोळी देते, पण तो तुम्हाला अंथरुणात नेणार नाही. ज्या खुणेला मी महिनोन्‌महिने भीत होते तीच माझी सुटका होती.

मग त्यांनी विचारलं की हे बऱ्याचदा घराण्यात असतं, काम करताना आणखी कोणाचा हात थरथरायचा का? मी म्हटलं, नाही, फक्त वडिलांचा, आणि तो तर वेगळा. शेजारून मुलगा म्हणाला, "आजीचा." मी त्याच्याकडे पाहिलं. तो बाईंना सांगत होता, आजी आमटी वाढायला आली की मी ताट तिच्या डावाखाली नेऊन धरायचो, म्हणजे आमटी पानात पडायची. त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. बाईंनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, मग तुमच्या आईकडूनच आलं असणार.

आईचा हात थरथरतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी त्याला आजार कधी मानलंच नाही, कारण त्याचं कारण मला माहीत आहे असं मी धरून चालले होते. आई गाळ्यात चहा घेऊन यायची तेव्हा कपबश्या दारापासूनच वाजायच्या. तुम्ही गिऱ्हाइकांसमोर म्हणायचात, आमच्याकडे चहा आधी ऐकू येतो, मग दिसतो. लोक हसायचे, आईही हसायची, आणि मला ते हसणंसुद्धा भेदरलेलं वाटायचं. तुमचं ते फटकळ बोलणं, तुमचं खाकरणं, ते पुसून टाकलेलं टेबल, सगळं मी त्या वाजणाऱ्या कपबश्यांशी जोडलं. आई तुम्हाला भिते. मी असा नवरा करणार नाही. मला पाहायला आलेल्या प्रत्येक मुलाचा आवाज कधी चढतो याच्यावर माझे कान असायचे. पॉलिश मी तुमच्याकडून मनापासून शिकले, तुमच्या हाताचं कौतुकही केलं, पण मनात एक दार तुमच्यासाठी बंद ठेवलं ते ठेवलंच. पाप लागेल, पण तुम्ही गेल्यावर आईचा हात थांबेल असंही मला वाटलं होतं. थांबला नाही, वाढतच गेला. मी म्हटलं, भीती हाडात मुरली. ती होती तोवर तिला विचारलं असतं तर तिनं वेड्यात काढलं असतं. विचारलं नाही.

परतताना गाडीत मला रडू आलं. मुलानं एक हात स्टिअरिंगवरचा काढून माझ्या खांद्यावर ठेवला, म्हणाला, झालं ना आता, सुटलीस. मी हो म्हटलं आणि त्याला तसंच वाटू दिलं. हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही, म्हणून तुम्हाला खरं लिहिते. मला कंपवात नाही हे ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आई तुम्हाला कधीच भ्यायली नाही असा दाखला काही डॉक्टरांनी दिलेला नाही, आणि तुम्हीही काही कमी नव्हतात. पण तिचा हात तुमच्यामुळे थरथरत नव्हता. मी रडले ती त्यासाठी. काल दुपारपासून तुमची आठवण येते आहे, बाबा, आणि पहिल्यांदाच ती नुसती आठवण आहे.