शेवटून दुसरे

१४ जून, गुरुवार
हरलो. ९–१. सलग सातवा पराभव. तिसऱ्या डावातच माणसं उठून मोटारींकडे निघाली. मी बसून राहिले. एकतीस वर्षं बेसबॉल बघतेय, एकदाही सामना संपायच्या आत उठलेले नाही – आता काय उठायचं! शेजारच्या खुर्चीतला मर्ल म्हणाला, "व्हर्ना, संघाचं नाव बगळे ठेवलं तिथेच चुकलं. एका पायावर उभे राहून कोण धावा काढणार?" मर्लला बसून बोलायला काय जातंय. हसू मात्र आलं.

१६ जून, शनिवार
तिकिटाच्या खिडकीवर मालकाचं पत्रक चिकटवलेलं होतं. यंदाही तळाला राहिलो – म्हणजे सलग तिसऱ्या वर्षी – तर संघ विकणार. घेणारा दूर दक्षिणेतला कुणीतरी आहे. आठांत सातवे आलो तरी पुरे आहे म्हणे. सातवे! इतकी साधी मागणी आणि तीही आम्हाला डोंगराएवढी.
कागदाची गिरणी बंद पडली तेव्हा सगळं कॅल्डर गाव रडलं, मी नाही रडले. आज मोटारीत बसून रडले.

२० जून, बुधवार
पाहुणा आला. दर उन्हाळ्याला क्लब एक खेळाडू माझ्या मागच्या खोलीत ठेवतो. त्यांना राहायला जागा हवी असते, आणि नवरा, विन्स, गेल्यापासून मला हे घर खायला उठतं. यंदाचा एलिसेओ. डॉमिनिकन. बावीस वर्षांचा पिचर, चेंडू उजव्या हाताने टाकतो. मला 'मिस व्हर्ना' म्हणतो. पहिल्याच सकाळी विचारतो, "मिस व्हर्ना, ही कॉफी आहे की भांडी धुतलेलं पाणी?" आल्या दिवशी!
आवडला मला.

२ जुलै, सोमवार
जिंकलो. नऊच्या नऊ डाव एकट्या एलिसेओने टाकले. कितीतरी दिवसांनी घरी येताना रेडिओ लावला.

१९ जुलै, गुरुवार
त्याचा चौथा विजय. बाकीचे पिचर मार खातात, हा एकटा जिंकून देतो. वेक्सलर गावचा संघ सातवा आहे, त्यांच्यापेक्षा आम्ही फक्त तीन विजयांनी मागे. मर्लची टिंगलसुद्धा बंद झाली. "त्या पोराला नीट खाऊ-पिऊ घाल गं," म्हणाला. मी कुठली खाऊ घालतेय – तोच सकाळी कच्ची केळी उकडून कुस्करतो, वर परतलेला कांदा आणि तळलेली सलामी. मलाही सवय लागली.

३ ऑगस्ट, शुक्रवार
सकाळी कप डाव्या हाताने उचलत होता. उजवं कोपर टेबलावर, त्यावर माझ्या फ्रीजरमधली मटारची पिशवी. "झोपेत हात आखडला," म्हणाला. मी पिशवी परत जागच्या जागी ठेवली.

४ ऑगस्ट, शनिवार
पुन्हा मटार.

९ ऑगस्ट, गुरुवार
आज शर्टाची वरची गुंडी मला लावायला सांगितली. हात तिथवर पोचेना.
क्लबला कळलं तर त्याला काढतील. काढलं की व्हिसा गेला, आणि पोरगा घरी. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडच्याच एका पोराचं तसंच झालं होतं. मग आपण होऊन कशाला बोला? त्याने कुठे मला सांगा म्हटलंय?
असं मी स्वतःला समजावते. निदान इथे तरी खरं लिहावं. तो नसेल तर आम्ही तळाला. एवढंच आहे ते.

२१ ऑगस्ट, मंगळवार
सहाव्या डावात त्याचा चेंडू मंदावला. बाकी कुणाच्या लक्षात आलं नसावं. तरी जिंकलो. मी काल चर्चमध्ये गेले होते, कोपरासाठी प्रार्थना करायला. सातव्या जागेचीही केली, त्याच्या आधी.

१ सप्टेंबर, शनिवार
उद्या शेवटचा सामना. वेक्सलरशीच, आणि दोघांचे विजय सारखे.
दुपारी मॅनेजर रस्क स्वतः घरी आला. स्वयंपाकघरात टोपी काढून उभा राहिला. "व्हर्ना, पोरं मला थापा मारतात, म्हणून मी नेहमी घरच्या बाईला विचारतो. परवाच एक सामना टाकलाय याने, पुरती विश्रांती झालेली नाही. उद्या पुन्हा उतरवायचं म्हणतोय मी. हात कसा आहे त्याचा?"
एलिसेओ तिथेच बशा विसळत होता. त्याने नळ बंद केला. वळून माझ्याकडे पाहिलं.
"ठणठणीत आहे," मी म्हणाले.
रस्कने सुटकेचा निःश्वास सोडला, कॉफी नको म्हणाला आणि गेला. एलिसेओने उरलेल्या बशा विसळल्या. जेवायला आला नाही. दडपण असेल, दुसरं काय.

२ सप्टेंबर, रविवार
जिंकलो. ४–३. सातवे आलो.
पाचव्या डावात त्याचं कोपर गेलं. चेंडू टाकला आणि तिथेच गुडघ्यांवर बसला, हात पोटाशी धरून. मर्ल म्हणतो, आवाज ऐकू आला. मला नाही आला. पण त्या चेंडूवर फलंदाज बाद झाला होता, आणि मी आधी टाळ्या वाजवल्या. मग त्याच्याकडे पाहिलं.
नंतर माणसं मैदानात उतरून नाचली. मला कुणीतरी मिठी मारली.

५ सप्टेंबर, बुधवार
लिगामेंट तुटलंय. डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसाचं नाही – महिनाभर तरी झिजत होतं. क्लबने त्याला करारातून मोकळं केलं.
मालकाने जाहीर केलं, संघ कॅल्डरमध्येच राहणार. मर्ल केक घेऊन आला. तसाच झाकून ठेवलाय.

८ सप्टेंबर, शनिवार
एलिसेओला विमानतळावर सोडलं. वाटेत धीर करून म्हणाले, "मला माहीत होतं रे. तुझ्या भल्यासाठीच गप्प बसले."
तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "मिस व्हर्ना, घरी सगळे माझ्यावर डोळे लावून बसलेत. मी आपल्या तोंडाने 'दुखतंय' कसं म्हणणार? म्हणून रोज तुमच्यासमोर येऊन बसायचो. वाटायचं, तुम्ही सांगाल."