अकराव्या गल्लीत पाणी नाही, बाई

बाई, तुम्हाला नमस्कार.

पत्र लिहायची मला सवय नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या अर्जातली ऱ्हस्व-दीर्घं तुम्हीच सुधारायच्या. पण रविवारी वसाहतीची बैठक आहे आणि विषय एकच: आपली पाणी समिती बंद करायची का. आज शुक्रवार. विचारायला दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हालाच विचारतोय.

आठवतं? बोअरला पाणी लागलं त्या दिवशी मी म्हणालो होतो, अकराही गल्ल्यांत एकदम पाइप टाकू, एका दमात काम उरकू. तुम्ही चष्मा पुसत विचारलंत, "जाधव, दुकानात दहा मोटारी एकदम खोलता का हो?" कन्नड तालुक्यातून एका पिशवीनिशी येऊन छावणीच्या बाजारात मोटार रिवाइंडिंगचं दुकान उभं केलेला माणूस मी. मला कोणी धंदा शिकवलेला आवडत नाही. पण दहा मोटारी एकदम खोलल्या तर कोणता स्क्रू कुठला ते कळत नाही, हे मलाच चांगलं ठाऊक. एकाच गल्लीपुरता पाइप आणला.

मग सुरू झाली तुमची फेरी. एका गल्लीत पंधरा दिवस पाणी सोडायचं, मग घरोघरी जायचं. सुरुवात कायम शेवटच्या घरापासून, कारण पाणी तिथंच आधी कमी पडतं. कौतुक ऐकायचं नाही, फक्त काय चुकलं ते विचारायचं. ऐकलेल्यातली एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा पंधरा दिवस थांबायचं. पहिल्या गल्लीतल्या रझियाआपा वैतागून म्हणाल्या होत्या, "बाई, तारीफ नक्को तो नक्को, चाय तो लेव." चहा घेतलात, आणि कपबशी खाली ठेवता ठेवता त्यांच्याकडून काढून घेतलंत की पाणी येतं तेव्हा शेंद्र्याच्या कंपन्यांतल्या पाळीला माणसं निघून गेलेली असतात. वेळ बदलली. पुढच्या फेरीनंतर शेवटच्या घराचा नळ वीतभर खाली घेतला. अशा चार गल्ल्या झाल्या, तीन वर्षांत! लोक गोगलगायीची समिती म्हणायचे. मीही हसायचो बाई, तुमच्या पाठीमागं. आज कबूल करतो.

तुम्ही गेलात आणि शोकसभेत मला काय झालं कोण जाणे. उठलो आणि बोलून गेलो, बाईंच्या वर्षश्राद्धाच्या आत उरलेल्या सातही गल्ल्यांत पाणी देतो. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! तेव्हाच मी कान टवकारायला हवे होते.

केलं सगळं. मोटारीचं वाइंडिंग स्वतः भरलं. टाकीवर तुमचा फोटो लावला, हार घातला, नारळ फोडला. आणि अकराव्या गल्लीत नुसती हवा. पाइपाला सळई टेकवून दुसरं टोक कानाला लावलं की गळती कुठं आहे ते मी सांगतो, त्यासाठी वसाहत मला मानते. तिथं तासभर सळई लावून बसलो. गळती नव्हतीच. पाणी तिथवर पोचतच नव्हतं.

मग घाबरलो. एकाच आठवड्यात मोटार बदलली, वेळ बदलली, व्हॉल्व्ह फिरवले. आता कशानं काय बिघडलं ते मलाच सांगता येत नाही. तुमच्या चार गल्ल्यांचं पाणीही गेलं, बाई. टँकर पुन्हा यायला लागलाय आणि त्याच्या मागं तीच जुनी भांडणं.

अकराव्या गल्लीत अगदी शेवटच्या घरी मीराबाई राहतात, शेंद्र्याला कंपनीत झाडलोटीला जातात. त्या रिकामी घागर घेऊन दुकानात आल्या. गिऱ्हाइकांसमोर शांतपणे म्हणाल्या, "टाकीवर बाईचा फोटू लावला तुमी, लई चांगलं केलं. पर आमच्या दारात कवा आले का तुमी?"

मी काय बोललो माहीत आहे? बाईंच्या नावानं केलेल्या कामाला नावं ठेवू नका, म्हणालो. त्यांनी घागर कमरेवर घेतली आणि गेल्या. परवा समिती बंद करायचा ठराव त्याच मांडणार आहेत.

एक राग आहे तुमच्यावर. सगळ्या फेऱ्यांत मला फिरवलंत, पण दारात बोलायच्या तुम्हीच, मी मागं पाना घेऊन उभा. मला वाटायचं, खरं काम पान्याचं. खरं काम दारातलं, हे कधीच का नाही सांगितलंत? की सांगितलंत, आणि मी ऐकलं नाही?

तुम्हाला कधी भीती वाटली होती का हो? तिसऱ्या गल्लीत दोन फेऱ्या फुकट गेल्या तेव्हा कट्ट्यावर बसून तुम्ही एवढंच म्हणालात, "चुकलं. पण काय चुकलं ते कळलं." माझं काय चुकलं तेही मला कळलंय, तरी भीती जात नाही. तारेचे वेढे घालताना मध्येच विसरतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. एवढ्या घरांना एकदम तोंडघशी पाडलं, आता कोणत्या तोंडानं बाहेर पडू?

तरी शब्द देतो. रविवारी सगळ्यांच्या आधी मी उभा राहीन आणि सांगेन की घाई माझी होती, त्यात बाईंचं नाव ओढू नका. टाकीवरचा फोटो उतरवून तुमच्या घरी नेऊन देईन. जुन्या चार गल्ल्या जुन्या वेळेवर चालवा, नव्यांपैकी फक्त अकरावी चालू ठेवा, बाकी सहा बंद, त्यात मी राहतो ती सातवीसुद्धा, हे मागेन. शिव्या पडतील, पडू द्या. समिती ठेवतील की मोडतील, मला ठाऊक नाही. पण मोडली तरी सोमवारी सकाळी मी मीराबाईंच्या दारात जाणार. माफी मागणार, काय चुकलं ते विचारणार आणि त्या बोलत असताना मध्ये तोंड उघडणार नाही.

त्यांनी दार लावून घेतलं, तर पंधरा दिवसांनी पुन्हा जाईन.

तुमचा,
जाधव मोटारवाला