नदी मध्येच थांबते

१५ जानेवारी, रविवार

परत अडकलं! नाव धक्क्याच्या अगदी तोंडाशी होती. पोरगा ओरडत होता, "बाबा, डावीकडे, डावीकडे घ्या" आणि सगळं जागच्या जागी. त्याच्या बोलण्यातला "डा" तेवढा कानात घरघरत राहिला. माउस हलेना. बटणं दाबून पाहिली, काही नाही. शेवटी मागची वायर उपसली आणि परत घातली. मशीन उठेपर्यंत तो निघून गेलेला. फोन केला तर म्हणाला, "असू द्या बाबा. पुढच्या रविवारी."

पुढचा रविवार म्हणजे अख्खा आठवडा.

१६ जानेवारी, सोमवार

कामावर, पंपघरात जोडीदाराला सांगितलं. त्याला आम्ही सगळे मिशा म्हणतो. तो हसायलाच लागला. "या वयात गेम? उद्या गोट्या खेळशील!" हसू दे. त्याला काय सांगणार?

पोराची आई होती तेव्हा त्याच्याशी तीच बोलायची. फोन तिच्या कानाला आणि मी शेजारी बसून खुणा करायचो — खोकला गेला का विचार, खोलीत ऊन येतं का विचार. ती विचारायची. फोन ठेवल्यावर मला वाटायचं, आज पोराशी छान बोलणं झालं! तेवीस वर्षांचा झाला तो, आणि आम्ही दोघं सरळ एकमेकांशी कधी बोललोच नव्हतो. ती गेल्यावर ते कळलं. मी विचारायचो, जेवलास का. तो म्हणायचा, हो. मग दोघंही श्वास घेत बसायचो.

नोकरीच्या गावी परत जायच्या आदल्या दिवशी त्यानं आपला जुना कॉम्प्युटर तिच्या शिवणयंत्राच्या टेबलावर मांडला. म्हणाला, "फोनवर आपल्याला जमत नाही, बाबा. खेळू या त्यापेक्षा." खेळ नावेचा आहे. लांबलचक नदी, काठाकाठानं गावं, एका गावचा माल दुसऱ्या गावाला पोचवायचा. मी सुकाणूवर, तो इंजिनावर आणि नकाशावर. कानाला हेडफोन. आणि काय सांगू — नाव चालवता चालवता तो बोलतो! "पुढे खडक आहे… नवा साहेब फार पिडतो हो… आता उजवीकडे… चप्पल तुटली काल, अनवाणी आलो स्टॉपपर्यंत." खडकाकडे बघत बोलायचं असलं की त्याला बोलता येतं. मलाही.

म्हणून हे मशीन अडकून चालणार नाही.

१८ जानेवारी, बुधवार

पहिल्या पाळीनंतर कॉम्प्युटरचा डबा उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकान एका बाई चालवतात. केसात पेन्सिल खोचलेली, बोलणं फटाफट. झाकण काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काका, यात संसार मांडलाय कुणीतरी."

पंख्यात बोटभर धूळ. शिवणयंत्राच्या टेबलावरचं कापसाचं, दोऱ्याचं सगळं त्यात. बाईंनी चिमट्यानं ओढलं तर एक निळा धागा लांबच लांब निघाला. तिच्या शेवटच्या झंपराचा असावा. मी मागून घेतला.

आतल्या मुख्य चिपवर एक लेप असतो, तो वाळून खपली झाला होता. "डोकं तापतं, मग झोपतं. माणसासारखंच," म्हणाल्या. नवा लेप लावून दिला.

२२ जानेवारी, रविवार

दोन तास! एकदाही अडकलं नाही. तीन गावं केली. पोरगा म्हणाला, "बाबा, तुम्ही तर पट्टीचे नावाडी निघालात." किती दिवसांनी त्याचं हसू ऐकलं. साहेबाची नक्कल करून दाखवली त्यानं.

शेवटच्या वळणावर माझ्या हातून नाव जरा खडकाला घासली. मी म्हणालो, "तुझी आई बघत असती तर म्हणाली असती, उतरवा मला आधी!" तो हं म्हणाला. आणि थोड्या वेळानं नदी थांबली. सगळं जागच्या जागी. अरे देवा! या वेळी घरघर नव्हती. माउसचा बाण हलत होता, पण नाव ढिम्म.

संध्याकाळी फोन केला. "परत हँग झालं का रे माझं?" म्हणाला, "हो बाबा. जुनंच आहे ते."

२५ जानेवारी, बुधवार

बाईंकडे. त्यांनी मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून बसवल्या आणि दुपारभर तोच खेळ चालू ठेवला. "एकदाही नाही अडकला, काका." म्हटलं, माझ्याकडे अडकतो. खोटं कशाला बोलू?

२९ जानेवारी, रविवार

सुरुवात छान. धुकं होतं नदीवर, तो कंदील दाखवत होता, मी हळूहळू काढत होतो. मग मी सांगितलं, कपाट आवरताना तिचा चष्मा सापडला. काड्या दोऱ्यानं बांधलेला. नवा घे म्हणून आपण दोघं किती मागे लागलो होतो, आठवतं का रे? उत्तर आलंच नाही. पाहतो तर धुकंही थांबलेलं.

मेमरीच बदलून टाकायला हवी.

२ फेब्रुवारी, गुरुवार

नवी मेमरी घातली. शिवाय घरातली इंटरनेटची वायर भिंतीतून ओढून थेट मशीनला जोडली. मिशा आला होता मदतीला, स्टुलावर उभा राहून खिळे ठोकत होता. म्हणतो, "दोष त्या टोकाला असेल तर? पोराचं मशीन बघायला सांग ना."

मी म्हटलं, इतकी वर्षं पंपावर काढलीस आणि हे विचारतोस? वर पाणी चढलं नाही तर आधी काय बघायचं? आपलं. पंपानं हवा धरली का, ग्लँड गळतंय का, आपला व्हॉल्व्ह पुरता उघडलाय का. टाकीवाल्याला फोन सगळ्यात शेवटी. मोठे मिस्त्री आपल्याला हेच शिकवून गेले. तो म्हणाला, "बाबा रे, टाकीवर पण माणूसच असतो." आणि खिळ्याऐवजी अंगठ्यावर हातोडी मारून घेतली.

५ फेब्रुवारी, रविवार

नाही अडकलं! पंपघराच्याच गप्पा झाल्या. मिशाच्या अंगठ्याची गोष्ट सांगितली तर पोरगा हसून हसून खोकायला लागला. मोठं बंदर गाठलं आम्ही. दोष मेमरीतच होता तर.

देवापुढे बसलो आणि आभार मानले. असल्या गोष्टीसाठी आभार मानावेत का, माहीत नाही. पण मानले.

१२ फेब्रुवारी, रविवार

अडकलं. मी फक्त एवढंच म्हणालो होतो की तिच्या कुंडीतल्या रोपाला कळी आलीय.

आता मात्र माझा धीर सुटत चाललाय. नवा लेप, नवी मेमरी, नवी वायर, आता काय राहिलं? तो वैतागेल एक दिवस. दर वेळी मध्येच बंद पडणाऱ्या माणसाबरोबर कोण खेळत बसेल? तरुण आहे, त्याला त्याचं जग आहे. त्यानं खेळ सोडला तर आम्ही परत "जेवलास का"वर येऊ. आणि तेही हळूहळू संपेल. मला ते दिसतंय समोर.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंना म्हटलं, आता ग्राफिकचं कार्ड बदला. त्यांनी केसातली पेन्सिल काढली, परत खोचली.

"काका, अडकतं तेव्हा माउस हलतो?"

"हलतो."

"पाण्याचा आवाज येतो?"

"येतो की."

"समोर कोण असतं?"

"मुलगा."

त्यांनी झाकण लावलं, स्क्रू पिळले. "काही बदलू नका आता. माझंच दुकान आहे, पण नका." मी म्हटलं, मग करू काय? "काही नाही. अडकलं की बंद करू नका. बसून राहा थोडा वेळ."

वाटेत विचार करत आलो. ही कसली दुरुस्ती?

१९ फेब्रुवारी, रविवार

लिहू की नको, कळत नाही. लिहितो. बोलणार कुणाशी?

आज मी म्हणालो, पुढच्या महिन्यात तिचं वर्ष होईल, तू येशील ना? "हं," म्हणाला. नदी थांबली. बाईंनी सांगितलं होतं म्हणून मी वायर उपसली नाही, बसून राहिलो. हेडफोन कानावरच होता. आणि आवाज यायला लागले. खुर्ची सरकली. नळ सुटला. मला वाटलं, झालं वाटतं सुरू! हाक मारणार तेवढ्यात दुसऱ्याच कुणाचा आवाज आला. त्याच्या खोलीत राहणारा मित्र असणार.

"आज लवकर उरकलं? परत हँग झालं का बाबांचं?"

पोरगा म्हणाला, "हो."

"हँग कसलं! इकडून बटण दाबून दोघांचा खेळ थांबवतोस की तू. बिचारे तिकडे सामान बदलत बसलेत. सांगून टाक ना, नाही खेळायचं म्हणून."

"खेळायचंय रे मला."

"मग?"

नळ बंद झाला.

"ते आईबद्दल बोलायला लागतात. असं बोलतात, जशी काही ती आतल्या खोलीत बसलीय. चष्मा सापडला, कळी आली… मला नाही सहन होत. त्यांच्यासमोर नाही रडायचं मला. ते इतके शांत असतात. त्यांनी कसंबसं धरून ठेवलंय स्वतःला, मी रडलो तर कोसळतील ते. म्हणून बटण दाबतो."

आणि मग तो रडला. लहानपणी पडला की आधी श्वास रोखून धरायचा आणि मग एकदम आवाज यायचा, अगदी तसाच. ती गेली त्या दिवशी रडला नव्हता. चार लोकांना खुर्च्या देत फिरत होता.

मी माझ्या माइकवर तळहात दाबून धरला. माझा श्वाससुद्धा तिकडे जाऊ नये म्हणून. समोर पडद्यावर आमची नाव, दोन माणसं, आणि नदी थांबलेली. मित्र म्हणाला, "अरे… अरे, बस खाली." मग मीच हेडफोन काढून ठेवला. यापुढचं ऐकण्याचा मला हक्क नव्हता.

२० फेब्रुवारी, सोमवार

व्हॉल्व्ह टाकीवरून बंद होता. मी इकडे पंप खोलत बसलो होतो.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

शांत! मला शांत म्हणतो तो. मी पंपघरात मोटारीच्या आवाजात रडून घेतो, त्याला कुठून कळणार? मिशाला माहीत आहे. तो अशा वेळी गेज बघायला बाहेर जातो.

सकाळी देवापुढे बसलो. काही मागता आलं नाही. काय मागू? पोरगा माझ्यासाठी रडू दाबतो, मी त्याच्यासाठी. आणि दोघांच्या मध्ये जी होती, ती नाही.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

एक करून पाहिलं. म्हटलं, तिचा विषय न काढता बोलायची सवय करू. म्हणजे खेळ चालू राहील. आज अख्खी पाळी मिशाबरोबर तसा प्रयत्न केला. डबा उघडला — "हिला कारलं आवडायचं नाही." पाऊस येईल का — "ही म्हणायची, गुडघा दुखला की येतोच." मिशा मान खाली घालून जेवत होता. मला जमणार नाही. तिला वगळलं तर माझ्याकडे बोलायला उरतं काय? पाण्याचा दाब.

आणि दर रविवारी त्यानं रडू दाबायचं? माझ्या करमणुकीसाठी? बापानं मुलाला मोकळं करावं. मी पुढे होऊन करतो, म्हणजे त्याच्या मनाला लागून राहणार नाही.

२५ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी फोन केला. म्हटलं, मशीन कायमचं गेलं रे. आतला मुख्य बोर्डच जळाला, बाई म्हणाल्या आता दुरुस्ती नाही. राहू दे तो खेळ. तुझाही रविवार मोकळा होईल.

मशीन माझ्यासमोर चालूच होतं. पंख्याचा आवाज त्याला जाऊ नये म्हणून मी खिडकीपाशी गेलो.

मग त्यानं विचारलं, "बाबा, गेल्या रविवारी माझा माइक चालू राहिला होता का?"

"नाही रे," मी म्हणालो. कसला माइक, असं विचारायचंच राहिलं.

आणि तो रडायला लागला. या वेळी मला ऐकू येईल असा.